आप्पांचा कायदा आणि तोरणमाळचं पाणी

काठोकाठ भरलेल्या तळ्याकाठी जाताना घरून पाण्याची घागर भरून नेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे दामूआप्पा. घागरही साधीसुधी नाही. तांब्याची, चिंचेनं घासून लखलखीत केलेली, तोंडाला धुवट फडकं बांधलेली. ट्रकच्या केबिनमध्ये आप्पांनी ती मांडीवर घेतली होती आणि दोन्ही हातांनी अशी सांभाळली होती, की रस्त्यावरचे लोक वाकून बघत. ट्रक चालला होता तोरणमाळला. ज्यांनी तोरणमाळ पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करत सातपुडा चढून गेलं की वर मोठा माळ लागतो. त्या माळावर तळं आहे आणि त्या तळ्यात आमच्या सगळ्या तालुक्याला हेवा वाटावा इतकं पाणी आहे. तिथं आप्पा पाणी घेऊन निघाले होते.

मी तेव्हा ब्राह्मणपुरीला सोसायटीचा सेक्रेटरी होतो. मूळचा धुळ्याचा, लग्न व्हायचं होतं, आणि गावात राहायला जागा दिली ती आप्पांनी. गोष्ट साठ सालाच्या आगेमागची. नंदुरबार तेव्हा नुसता तालुका होता आणि आमचा सगळ्यांचा जिल्हा धुळेच. आप्पा जातीनं गुजर, धंद्यानं शेतकरी. केळी, कापूस, थोडा ऊस, दावणीला देखणी बैलजोडी. मुलगा नाही. जमना ही एकुलती एक लेक, ती लग्न होऊन गेलेली. मी राहायला आलो तेव्हा आप्पांची बायको होती. सारं गाव तिला जिजी म्हणायचं. पुढच्या पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि जिजी गेल्या. मग त्या मोठ्या घरात आप्पा, मी आणि आप्पांचे कायदे एवढेच उरलो.

कायदे म्हणजे सरकारचे नव्हेत. सरकारच्या कायद्याला आप्पा ‘कागद’ म्हणत. त्यांचे कायदे त्यांचे स्वतःचे होते, काही बापजाद्यांकडून आलेले, काही त्यांनी शेतात बसून केलेले, आणि कोणता कुठला हे विचारायची सोय नव्हती. विचारलं की एकच उत्तर यायचं, “कायदा शे भो!” एवढं म्हणून ते मिशीवरून एकदा हात फिरवत, म्हणजे विषय संपला असं समजायचं.

पहिल्यांदा त्यांच्या केळीच्या मळ्यात गेलो तेव्हा आप्पांनी पिकलेल्या केळीची फणी काढून माझ्या हातात दिली. मी तिथंच सोलायला लागलो तर माझा हात धरला. मला ओढत ओढत शेजारच्या कापसात नेलं आणि मग म्हणाले, “हां, आते खा.”

“तिथं काय झालं होतं?”

“झाडना देखता त्यानं फळ खानं नही. तुन्हं लेकरू तुन्हा देखता कोनी खादं तर तुले कसं वाटी?”

मी कापसात उभा राहून मुकाट्यानं केळी खाल्ली.

सोसायटीच्या सभेत आप्पा प्रत्येक ठरावाला आधी विरोध करत आणि लगेच त्याच ठरावाला पाठिंबा देत. विरोध झाल्याशिवाय ठराव पक्का होत नाही, असा कायदा होता. मला इतिवृत्त लिहिताना घाम फुटायचा. आपल्याहून वडील माणसाच्या गाडीपुढं आपली गाडी काढायची नाही, हाही कायदाच. त्यापायी एकदा एका म्हाताऱ्याच्या गाडीमागं बैल रेटत ते शहाद्याच्या बाजाराला पोचले, तेव्हा बाजार उठून माणसं परत निघाली होती. आप्पांना त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही. उलट परतीच्या वाटेवर तोच म्हातारा पुन्हा पुढं लागला, तेव्हा “नशीब दखा आपलं!” म्हणत खुशाल मागं मागं आले.

जिजी गेल्यावर सकाळची भाकरी शेतावरच्या सालदाराची बायको करून द्यायची आणि संध्याकाळची खिचडी आम्ही दोघं शिजवायचो. तिथंही कायदा आला. ज्यानं मीठ टाकलं त्यानं चव बघायची नाही. चव दुसऱ्यानं बघायची. दुसऱ्याला कमी वाटलं तर त्यानं मीठ टाकायचं, पण मग चव पुन्हा पहिल्यानं बघायची. असं करता करता खिचडी खारट ढोण व्हायची आणि आम्ही दोघं वर पाणी पीत ती संपवायचो. “जिजी काय करायच्या?” असं मी एकदा विचारलं. आप्पा म्हणाले, “तिले कायदा लागू नव्हता. ती हातनं अंदाजनं टाके.” मग बराच वेळ ते चुलीतली राख सारखी करत बसले.

आता या सगळ्या कायद्यांचा राजा सांगतो. लेकीला मूल होत नाही तोवर आईबापानं तिच्या घरचं अन्न खायचं नाही आणि तिच्या गावचं पाणीही प्यायचं नाही. हा आप्पांनी केलेला कायदा नव्हे, जुन्या घरांमधून चालत आलेली रीत आहे. पण बहुतेक घरांनी ती केव्हाच सैल केली होती. कोणी चहाला ‘पाणी नव्हे’ म्हणून प्यायचं, कोणी लेकीच्या सासूच्या हातात नारळ ठेवून मोकळं व्हायचं. आप्पांना पळवाट चालत नव्हती. जमनाचा नवरा रतिलाल जंगल खात्यात नोकरीला, तोरणमाळला. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. मागं एकदा आप्पा आणि जिजी दोघं तिच्याकडं जाऊन राहिले होते, तेव्हाही त्यांनी घरून नेलेल्या दशम्या खाल्ल्या आणि घरून नेलेलं पाणी प्यायलं. गावातल्या लोकांना खरं कारण ठाऊक नव्हतं. त्यांना वाटे, आप्पा डोंगराचं पाणी लागेल म्हणून भितात. तेव्हा पाणी लागणं म्हणजे थंडीताप, आणि त्याची भीती चांगल्या चांगल्यांना होती. आप्पा ती समजूत दुरुस्त करत नसत. लेकीला मूल नाही हे चावडीवर सांगण्यापेक्षा स्वतःला भित्रा म्हणवून घेणं त्यांना परवडत होतं.

पण जमना ही आप्पांचीच मुलगी. बापानं पाणी न पिता परत जावं आणि प्रत्येक खेपेला आपल्याला काय नाही याची दवंडी आपल्याच ओट्यावर पिटली जावी, हे तिनं किती दिवस सोसावं? संक्रांत झाली आणि तिनं निरोप धाडला. निरोप घेऊन आले रशीदभाई. हे शहाद्याचे ट्रक ड्रायव्हर, तोरणमाळहून लाकूड खाली आणायचे, आणि वर गेले की जमनाच्या हातची भाकरी खाल्ल्याशिवाय उतरत नसत. ओट्यावर बसून त्यांनी घसा साफ केला आणि पाठ केल्यासारखं म्हणून दाखवलं.

“जमनाबेननी सांगेल शे, आप्पाले सांगजो, आवंदा मन्हा घरनं पानी पेवानं व्हई तरच येवानं. नहीते नुसतं जंगल दखाले येवानी काही गरज नही. पुढे दार बी उघडाव नही.”

मी आप्पांकडं पाहिलं. मिशीवर हात फिरला नाही. ते हसले आणि म्हणाले, “पोर कोनी शे? मन्हीच ना? हट्टी ते ऱ्हाईच.”

“मग या खेपेला पाणी पिणार ना?”

“शेक्रेटरी,” आप्पा म्हणाले, “कायदा शे भो.” आणि उठून त्यांनी माळ्यावरची मोठी घागर खाली काढली.

मला तोरणमाळ पाहायचंच होतं. खानदेशचं महाबळेश्वर म्हणतात ते आहे तरी काय, हे बघून यावं आणि दोन दिवस खिचडीपासून सुटका व्हावी, एवढाच माझा हेतू. पण रशीदभाईंच्या रिकाम्या ट्रकमध्ये चढताना मला कळून चुकलं, की मी सहलीला नाही, एका खटल्याच्या सुनावणीला निघालो आहे.

म्हसावदपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. दादर ज्वारीची शेतं निसवली होती, हवा गार होती, रशीदभाई गुणगुणत होते. घाट सुरू झाला आणि घागर बोलू लागली. प्रत्येक वळणाला फडक्यातून पाण्याची एक चूळ उडायची आणि ती नेमकी माझ्या मांडीवर पडायची. आप्पा घागरीला थोपटून “थांब, थांब” म्हणायचे. सातपायरीच्या चढाला अर्ध्यात आलो आणि ट्रकच्या तोंडातून भसाभस वाफ निघाली. रशीदभाईंनी गाडी कडेला घेतली, चाकामागं दगड लावला, झाकण उघडून आत डोकावले आणि अगदी गंभीर तोंड करून खिडकीशी आले.

“आप्पा, पानी द्या.”

“कोनले?”

“गाडीले. कंठ सुकी गया तिना.”

“तुन्हा डबा कोठे शे?”

“डबा आज घरीच ऱ्हाई गया. या अल्ला, याद ही नहीं रहा!”

आप्पांच्या चेहऱ्यावर मी तेव्हा जे पाहिलं ते एखाद्या न्यायाधीशाच्या चेहऱ्यावरही पाहिलेलं नाही. कारण आप्पांचा दुसरा एक मोठा कायदा होता, तहानलेल्याला पाणी नाही म्हणायचं नाही. शेताच्या बांधावर निंबाखाली त्यांनी रांजण ठेवला होता आणि वाटसरू येवो न येवो, तो रोज भरला जायचा. एक कायदा घागर उचल म्हणत होता, दुसरा घट्ट धर म्हणत होता.

“रशीद,” शेवटी आप्पा म्हणाले, “गाडीमा जीव शे का?”

“एवढा डोंगर चढी ऱ्हायनी आप्पा, जीव नहीं तो क्या!”

संपलं. आप्पा खाली उतरले. ट्रक चांगला निवू दिला आणि मग स्वतःच्या हातानं, ओंजळीत पाणी घालावं तितक्या मायेनं, त्यांनी ती घागर ट्रकच्या तोंडात रिकामी केली. ट्रक सगळं पाणी प्याला. तळाला जेमतेम पेलाभर राहिलं. पुन्हा केबिनमध्ये चढताना माझा पाय सीटखालच्या कशाला तरी लागला आणि आत डुबुक असा आवाज झाला. वाकून पाहिलं तर डबा होता, बुचापर्यंत भरलेला. मी रशीदभाईंकडं पाहिलं. रशीदभाई समोरच्या काचेतून रस्त्याकडं इतकं लक्ष देऊन बघत होते, की त्यांना हाक मारणं मला बरं वाटलं नाही.

माळावर आलो आणि तळं दिसलं. खरं सांगतो, मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. चहूकडं डोंगर, मध्ये निळंशार पाणी, काठाला गवत, वर स्वच्छ ऊन, आणि इतकी शांतता की पलीकडच्या काठावरच्या गुराच्या गळ्यातली घंटा ऐकू यावी. “आप्पा, बघा हो!” मी म्हणालो. आप्पांनी तळ्याकडं पाहिलं, मग मांडीवरच्या रिकाम्या घागरीकडं पाहिलं, आणि तोंड फिरवून बसले.

जंगल खात्याच्या चाळीतल्या शेवटच्या घराच्या दारात जमना उभी होती, हातात पाण्यानं भरलेला लोटा घेऊन. उंच, सावळी, कपाळावर बारीकशी आठी. बापाचं नाक जसंच्या तसं.

“उनात?” आलात का, असं विचारत तिनं लोटा पुढं केला. “पानी ल्या.”

आप्पांनी लोटा घेतला. रशीदभाई ट्रकच्या पायरीवरच थांबले. आप्पांनी लोट्याकडं निरखून पाहिलं आणि म्हणाले, “पाय धुवाले चालस.” आणि दारातच ते सगळं पाणी त्यांनी स्वतःच्या पायांवर ओतलं.

जमना रिकामा लोटा उचलून आत गेली. मला वाटलं, आता भांडी आपटल्याचे आवाज येतील. आवाज आला नाही. ते जास्त वाईट होतं.

दुपारी रतिलालनं आम्हाला तोरणमाळ दाखवायला नेलं. बिचारा सज्जन माणूस. सासऱ्याला कमळाचं तळं दाखवू, सीताखाई दाखवू, मावळता सूर्य दाखवू, असा त्याचा बेत. माझी चैन झाली. मी भरभरून बघत होतो, थंडगार वारा खात होतो, जगात सोसायटी नावाची वस्तू आहे हेही विसरलो होतो. आप्पांना मात्र तहान लागली होती आणि त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती. लेकीच्या गावची शीव कुठं संपते? शिवेपलीकडच्या पाण्याला कायदा लागू नव्हता.

“जावईबापू, हाई तळं कोनं?”

“तोरणमाळनंच, आप्पा.”

कमळाच्या तळ्याशी आलो. पानांनी पाणी झाकून गेलं होतं. मी “वा!” म्हटलं. आप्पांनी विचारलं, “आनि हाई?”

“हाई बी तोरणमाळनंच.”

मग सीताखाईच्या काठावर आलो. समोर एकदम जमीनच संपते आणि खाली खोल खोल हिरवं काही दिसत राहतं. रतिलाल म्हणाला, “खाले पानी शे, दखा.” आप्पा इतके वाकले की मी त्यांचं धोतर धरलं.

“खालनं पानी कोनी हद्दमा शे?”

“तठे उतरता येत नही, आप्पा.”

“मी उतरानं नही ईचारी ऱ्हायनू. मी हद्द ईचारी ऱ्हायनू.”

रतिलाल जंगल खात्यात इतकी वर्षं होता, पण अशी जबानी त्याची कुठल्या साहेबानंही घेतली नव्हती. शेवटी आम्ही सूर्यास्त पाहायला कड्यावर बसलो. लाल गोळा डोंगरांच्या रांगांआड हळूहळू गेला. आप्पांनी एक मोठा उसासा टाकला. “दिन बुडना,” ते म्हणाले. “तो बी तोरणमाळनाच हद्दमा बुडना.”

संध्याकाळी जमनानं भरीत केलं होतं आणि कळण्याची भाकरी. वांगी काट्यांवर भाजलेली, त्यात पातीचा कांदा, हिरवी मिरची, वरून तेलाची धार. मी आणि रशीदभाई पंगतीला बसलो ते उठायचं नाव घेईना. आप्पा ओट्यावर बसून दशमी चावत होते. दशमी आधीच कोरडी, त्यात दिवसभराची वाळलेली. घागरीतलं पेलाभर पाणी त्यांनी घोट घोट करून कधीच संपवलं होतं. चौथ्या-पाचव्या घासाला त्यांना उचकी लागली.

उचकी म्हणजे कशी? ओट्यावरचा कंदील हलावा अशी. आम्ही जेवताना थबकलो. रशीदभाईंनी घास खाली ठेवला. जमना दाराआड पाण्याचा लोटा घेऊन उभी राहिली. बाप मागत नव्हता, लेक देत नव्हती, आणि उचकी काही थांबत नव्हती. रतिलालनं तिला खुणेनं ‘दे ना’ म्हटलं. तिनं मानेनं ‘नाही’ म्हटलं, आणि तिचे डोळे भरून आलेले मला दिसले. अखेर आप्पांनी घरून आणलेलं एक केळ खाल्लं, दुसरं खाल्लं, आणि उचकी हळूहळू बसली. जमनानं लोट्यातलं पाणी माठात ओतलं आणि लोटा त्यावर पालथा घातला. त्या क्षणी मला आप्पांचा संताप आला होता, आणि तो मी लपवणार नाही.

सकाळी तळ्यावर धुकं होतं. मी कुडकुडत फिरून आलो तो घरामागच्या गोठ्यातून आप्पांचा आवाज ऐकू आला. आवाजात तीच जुनी ऐट होती. “जमू! ए जमू! हाई कव्हय व्हयनं?”

गोठ्यात एक गाय होती आणि तिच्याजवळ लटपटत्या पायांचं, तांबूस रंगाचं, ओल्या नाकाचं वासरू. जमना शेणाचे हात घेऊन आली. “परवाच. काब?”

“गाय कोनी?”

“तुमनीच. लगीनमा आंदन दिधी व्हती ना?”

आप्पांचा चेहरा उजळला. त्यांनी मला बोलावलं, रतिलालला बोलावलं, ट्रक पुसत असलेल्या रशीदभाईंना हाका मारल्या. सगळे जमले तेव्हा त्यांनी वासराच्या डोक्यावर हात ठेवला आणि मिशीवरून दुसरा हात फिरवला.

“मन्ही पोरना घरमा लेकरू व्हयनं! कायदामा लेकरू म्हने, बस. दोन पायनं का चार पायनं, ते कायदा काही सांगस नही. मी आजा व्हयनू, भो! जमू, आन पानी!”

रशीदभाईंनी टाळी वाजवली. “मुबारक हो आप्पा!” रतिलाल हसला. मीही हसलो. रात्रभर तहानलेल्या माणसानं पहाटे उठून स्वतःच्या कायद्यात स्वतःच भगदाड पाडलं होतं, आणि पळवाट न चालणारा माणूस वासराच्या पोटाखालून वाट काढत होता. मला वाटलं, झालं, सुटलो, आता पाणी येईल आणि सगळं गोड होईल.

जमना हसली नाही. जागची हललीही नाही.

“नही,” ती म्हणाली.

“काय नही?”

“वासरूना नावनं मन्हा घरनं पानी पेवानं नही, आप्पा.” तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. “कायदाले घरमा लेकरू पाहिजे ना? मंग मी कोनं लेकरू शे? या घरमा एक लेकरू पहिलेथीनच शे. तुमनं. त्याना नावनं पेवानं व्हई तर पानी आनस. नहीते ट्रक उभा शे.”

आप्पांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता येणार, ‘कायदा शे भो’ येणार. पण शब्द आलाच नाही. त्यांचा हात मिशीकडं निघाला आणि मध्येच थांबला. ते लेकीकडं बघत राहिले. कितीतरी वर्षांनी नीट बघावं तसे. तिच्या शेणानं माखलेल्या हातांकडं, कपाळावरच्या आठीकडं, स्वतःच्याच त्या नाकाकडं.

मग ते गोठ्यातून बाहेर आले, सरळ घरात गेले आणि चुलीसमोर जमिनीवर मांडी घालून बसले. पाट घ्यायचंही भान नव्हतं.

“आन,” ते म्हणाले.

जमनानं हात धुतले, लोटा भरला आणि बापाच्या हातात दिला. आप्पा घटाघटा प्यायले. पाणी मिशीतून, हनुवटीवरून सदऱ्यावर सांडलं. “हळू प्या ना, ठसका लागी,” जमना ओरडली. त्यांनी रिकामा लोटा पुढं केला. तिनं पुन्हा भरून दिला. तो संपला तेव्हा आप्पा म्हणाले, “आते भाकर टाक.” तिनं भाकरी टाकली. तव्यावरची गरम भाकरी, कालचं भरीत, कांदा. ती एकीकडं थापत होती आणि एकीकडं बापाला फडाफडा बोलत होती. इतके वाळलात कसे, दोघं पुरुष मिळून एक खिचडी नीट करता येत नाही, सदरा कोण धुतं, उशाला उशी तरी आहे का. आप्पा मान खाली घालून खात होते आणि प्रत्येक गोष्टीला “हां, हां” म्हणत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना दुसऱ्याचा कायदा मुकाट ऐकताना पाहिलं. रशीदभाई दारात उभे राहून डोळे पुसत होते आणि माझंही तेच चाललं होतं.

दुपारी निघायचं होतं. ट्रकमध्ये लाकूड चढत होतं, तोवर आप्पा आणि मी तळ्यावर गेलो. धुकं विरून ऊन पडलं होतं. आप्पा काठावर उकिडवे बसले, तोंड धुतलं आणि ओंजळभर पाणी प्यायले. माझी जीभ वळवळली. “काय आप्पा,” मी म्हणालो, “आता गावात नवा कायदा का?”

मला वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. पाण्याकडं बघत बसून राहिले.

“शेक्रेटरी, मागली खेपले जिजी संगे व्हती ना,” ते म्हणाले. “आम्ही दोन्ही त्या ओटावर बठेल व्हतूत. घरमा जमू भाकरी टाकी ऱ्हायनी व्हती. वास येई ऱ्हायना व्हता. जिजीनी माले हळूच ईचारं, पोरले आयकू जावाले नको म्हनीसन. म्हने, अर्धी खाऊ का? पोरले बरं वाटी.”

“मग?”

“मी सांगं, कायदा शे.”

वर ट्रकचा हॉर्न वाजला. रशीदभाई हाका मारत होते. मी आप्पांना उठवायला हात पुढं केला. त्यांनी तो धरला, पण उठले नाहीत.

“अर्धीच मांगी व्हती, भो,” आप्पा म्हणाले.